मार्क चांगले आहेत, गणित आवडतं. पीएचडी करू का?

तुमच्या एका प्रश्नात चार-पाच प्रश्न दडलेत. पदवीचं शेवटचं वर्ष, विषय गणित, मार्क उत्तम. एम.एस्सी. आणि मग पीएचडी करावीशी वाटते, पण तेवढी बुद्धी आपल्यात आहे का ही शंका आहे. गणितात आता शोधायचं उरलंय काय, असं मित्र विचारतात. शाखा कोणती घ्यावी कळत नाही. आणि घरचे म्हणतात, एवढं शिकून शेवटी हाती काय लागणार? मी गेली पंचवीसेक वर्षं नंबर थिअरीत, म्हणजे पूर्णांकांच्या गुणधर्मांच्या अभ्यासात, काम करतोय, पीएचडीचे विद्यार्थी घेतो, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत टेबलाच्या पलीकडे बसतो. जे पाहिलं ते सांगतो. क्रम मात्र माझ्या सोयीचा आहे.

आधी मार्कांचं. परीक्षेत आलेला प्रश्न सुटणारा असतो हे तुम्हाला पेपर हातात यायच्या आधीच माहीत असतं. तो तीन तासांच्या आत सुटतो, शिकवलेल्या भागातूनच सुटतो, हेही माहीत असतं. ही केवढी मोठी माहिती आहे हे संशोधनात पाऊल टाकल्यावर कळतं. तिथे समोरचं विधान खरं आहे की खोटं हेच कुणाला ठाऊक नसतं. कदाचित आज उपलब्ध असलेल्या साधनांनी ते सुटणारच नाही. कदाचित प्रश्नच चुकीचा विचारला गेलाय. म्हणून मार्क तुम्हाला प्रवेशाच्या दारापर्यंत नेतात, आणि त्यासाठी ते हवेतच; पण आत गेल्यावर त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. पहिल्या क्रमांकाने आलेली मुलं पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी सोडून गेलेली मी पाहिली आहेत, आणि दोन विषय जेमतेम निघालेल्या एकाचं काम आज माझे सहकारी वर्गात शिकवतात.

तेव्हा स्वतःची परीक्षा वेगळ्या पद्धतीने घ्या. ९ ही संख्या ४ + ५ अशी लिहिता येते, २ + ३ + ४ अशीही लिहिता येते. १० म्हणजे १ + २ + ३ + ४. म्हणजे लागोपाठच्या, दोन किंवा जास्त, धन पूर्णांकांची बेरीज. कोणत्या संख्या अशा लिहिता येतात आणि कोणत्या येत नाहीत? कागद घ्या, वीसपर्यंत करून बघा. १, २, ४, ८, १६ बाहेर राहतात. इथे बरेच जण 'कळलं, दोनाचे घात' म्हणून पेन खाली ठेवतात. काहींना मात्र चैन पडत नाही. दोनाचे घातच का? याचा विषम विभाजकांशी काही संबंध आहे का? १५ तर तीन प्रकारे लिहिता येते: ७ + ८, ४ + ५ + ६, १ + २ + ३ + ४ + ५. ९ दोन प्रकारे. मग कोणती संख्या किती प्रकारे? ऋण संख्या चालवून घेतल्या तर चित्र बिघडतं की सोपं होतं? संख्यांऐवजी लागोपाठचे वर्ग घेतले तर? सिद्धता मी मुद्दाम देत नाही. ती अवघड नाही, आणि ती जमली की नाही हे मला फारसं महत्त्वाचं वाटतही नाही. पुढचा प्रश्न कुणी न विचारता तुम्हाला पडला का, आणि दोन दिवसांनी भलतंच काही करताना तो परत डोक्यात आला का, एवढंच मला मुलाखतीत शोधायचं असतं.

याच १, २, ४, ८, १६ ची एक खोडी सांगून टाकतो. वर्तुळावर काही बिंदू घ्या, प्रत्येकाला प्रत्येकाशी सरळ रेषेने जोडा, आणि वर्तुळाचे जास्तीत जास्त किती तुकडे पडतात ते मोजा. एक बिंदू, एक तुकडा. दोनाला दोन, तीनाला चार, चाराला आठ, पाचाला सोळा. सहा बिंदूंना? बत्तीस म्हणालात ना? एकतीस येतात. काढून बघा. पाच उदाहरणं जुळली म्हणजे नियम सापडला असं समजायची सवय ज्याची वेळेत मोडते, तो पुढे पुष्कळ मनस्तापातून वाचतो.

आता बुद्धीचं. हा प्रश्न मला दरवर्षी विचारला जातो आणि विचारणारे बहुतेक वेळा हुशारच असतात. मरियम मिर्झाखानी, २०१४ साली फील्ड्स पदक (गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान) मिळवणारी पहिली स्त्री, स्वतःला हळू विचार करणारी म्हणवून घ्यायची. जमिनीवर मोठाले कागद पसरून त्याच त्या आकृत्या पुन्हा पुन्हा काढायची. जून हह या कोरियन गणितज्ञाने कवी व्हायचं म्हणून शाळा सोडली होती, पुढे विद्यापीठात विषय घेतला भौतिकशास्त्र आणि खगोलशास्त्र. तिथे हिरोनाका या नामवंत जपानी गणितज्ञाच्या तासांना तो बसायला लागला आणि गणिताकडे वळला. अमेरिकेत पीएचडीसाठी अर्ज केले तेव्हा एक विद्यापीठ सोडून सगळीकडून नकार आला. २०२२ साली त्याला फील्ड्स पदक मिळालं. यितांग झांग या गणितज्ञाची गोष्ट तर तुम्ही ऐकलीच असेल: १९९१ साली पीएचडी, मग कित्येक वर्षं विद्यापीठात नोकरी नाही, सँडविचच्या दुकानातसुद्धा काम, १९९९ पासून एका विद्यापीठात साधा व्याख्याता, आणि २०१३ साली, पन्नाशी उलटून गेल्यावर, मूळ संख्यांमधल्या अंतराबद्दलचा तो निकाल, ज्याच्याकडे पुढे येतोच.

या गोष्टी सांगताना मला नेहमी थोडी धास्ती वाटते. झांगच्या जागी असलेल्या बहुसंख्य माणसांचं पुढे काय झालं हे कुणी लिहून ठेवत नाही. तेव्हा त्याच्याकडे बघून आयुष्याचा बेत आखू नका. पण यातून एवढं नक्की दिसतं की वेग, लहान वय आणि ऑलिम्पियाडचं (शालेय मुलांच्या गणित स्पर्धेचं) पदक या तिन्ही गोष्टी असल्या तर उत्तम, नसल्या तरी दार बंद होत नाही. रॉजे आपेरी या फ्रेंच गणितज्ञाने १९७८ साली, वयाची साठी ओलांडल्यावर, झीटा फंक्शनची ३ या ठिकाणची किंमत, म्हणजे १ + १/८ + १/२७ + … ही न संपणारी बेरीज, अपरिमेय आहे (दोन पूर्णांकांचा भागाकार म्हणून लिहिता येत नाही) हे सिद्ध केलं. व्याख्यानाला बसलेल्या अनेकांचा आधी विश्वासच बसला नव्हता.

'शोधायचं काय उरलंय' हा प्रश्न तुमच्या मित्रांना पडतो यात त्यांची चूक नाही. शाळेत आणि पदवीला शिकवलं जाणारं बहुतेक गणित शंभर वर्षांहून जुनं असतं. इतिहासात शिलालेखावर येऊन थांबावं तसं आपण थांबतो. प्रत्यक्षात आज पेपरांचं वर्गीकरण करायची जी प्रमाण पद्धत आहे तिच्यात गणिताचे ६३ मुख्य विभाग आहेत, आणि एका विभागातला माणूस दुसऱ्यातल्या पेपरचं शीर्षकसुद्धा अनेकदा समजू शकत नाही. मी समजू शकत नाही. झांगचंच उदाहरण पुढे नेतो. ज्यांच्यातलं अंतर २ आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या (३ आणि ५, ११ आणि १३, १७ आणि १९) अगणित आहेत का, हे अजून माहीत नाही. झांगने दाखवलं की ७ कोटींपेक्षा कमी अंतर असलेल्या जोड्या अगणित आहेत. ७ कोटी कुठे आणि २ कुठे, असं वाटेल. पण त्याच्या आधी कोणताही ठरावीक आकडा नव्हता. काही महिन्यांत अनेक गणितज्ञांनी उघडपणे एकत्र काम करून तो आकडा ४,६८० वर आणला. त्यानंतर जेम्स मेनार्ड, ज्याची पीएचडी नुकतीच संपली होती, वेगळ्याच वाटेने ६०० वर पोचला. मग मेनार्डच्याच वाटेत सुधारणा होऊन २४६. गाडी तिथेच उभी आहे. एक प्रश्न अर्धा सुटला की त्याच्या पोटातून दहा निघतात, आणि त्यातले दोन-तीन नुकत्याच शिकून आलेल्या माणसाच्या आवाक्यातले असतात. पीएचडीचे प्रॉब्लेम तिथून येतात.

तेव्हा रीमान हायपोथिसिससारखा जगप्रसिद्ध, अजून न सुटलेला प्रश्न पहिल्याच वर्षी हातात घेऊ नका. हसू नका, दर एक-दोन वर्षांनी असा एक अर्ज येतोच.

पाया. लिनिअर अल्जिब्रा, रिअल ॲनालिसिस, ॲबस्ट्रॅक्ट अल्जिब्रा, टोपोलॉजी, कॉम्प्लेक्स ॲनालिसिस. ही नावं कोणीही सांगेल. मी यात एकाच गोष्टीवर हटून बसतो: लिनिअर अल्जिब्रा दोनदा करा. एकदा मॅट्रिक्स आणि आकडेमोडीने, एकदा व्हेक्टर स्पेस आणि लिनिअर मॅपच्या भाषेत, मॅट्रिक्सचं नाव न काढता. पुढे कोणत्याही शाखेत गेलात तरी अवघड प्रश्न शेवटी लिनिअर अल्जिब्रात उतरवण्याची धडपड चालू असते. मुलाखतीत आम्ही बहुतेकांना इथेच पकडतो. 'डिटर्मिनंट शून्य आहे याचा अर्थ काय?' असं विचारलं की सूत्र येतं. भूमितीत काय झालं, कुठली दिशा चिरडली गेली, हे येत नाही.

आणि प्रॉबॅबिलिटी. माझ्या पिढीने ती सांख्यिकीवाल्यांची म्हणून सोडून दिली आणि नंतर पस्तावलो.

वाचण्याची पद्धत मात्र पूर्ण बदलावी लागेल. एक उदाहरण घ्या. बंद (दोन्ही टोकांसह) आणि मर्यादित अंतरालावरचं प्रत्येक कंटिन्युअस (सलग) फंक्शन युनिफॉर्मली कंटिन्युअस (सगळीकडे सारख्याच मापाने सलग) असतं, हे प्रमेय तुम्ही पाठ केलंय. आता पुस्तक मिटा. 'बंद' हा शब्द काढला तर काय बिघडतं? ० ते १ च्या खुल्या अंतरालावर १/क्ष घ्या, शून्याजवळ ते हाताबाहेर जातं. 'मर्यादित' काढला तर? पूर्ण रेषेवर क्ष चा वर्ग घ्या, दूर जावं तसा चढ वाढत जातो. मग विचारा: बंद नाही, मर्यादितही नाही, तरी प्रमेय चालतं अशी फंक्शन्स कोणती? त्यांना काय अट घालावी लागेल? आणि मग सिद्धतेत बोट ठेवून दाखवा, 'बंद' ही अट नेमकी कोणत्या ओळीत वापरली. एका प्रमेयाला एक संध्याकाळ जाते. तीस पानं वाचून झाली या समाधानापेक्षा ती संध्याकाळ मोलाची आहे. संशोधनात जे करायचं असतं त्याचीच ती लहान आवृत्ती आहे: अट काढून बघणं, काय मोडतं ते पाहणं, मोडलेलं काही वेगळ्या रूपात वाचवता येतं का ते पाहणं.

एम.एस्सी. निवडताना मी दोनच गोष्टी बघायला सांगतो. गृहपाठात सिद्धता लिहायला लावतात का आणि त्या कुणी खरोखर तपासतो का? आणि शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट किंवा छोटा थिसिस करता येतो का? सिद्धता लिहून ती लाल शाईने भरून परत येणं, याला पर्याय मला अजून सापडलेला नाही. जिथे हे होत नसेल तिथे दोन मित्र गाठा आणि आठवड्यातून एकदा एकमेकांना फळ्यासमोर उभं करा. फळ्यावर खोटेपणा टिकत नाही.

शाखा कोणती, याचं उत्तर तुम्हाला आत्ता माहीत नसणं अगदी ठीक आहे. ढोबळमानाने काहींना अंदाज बांधायला आवडतं, म्हणजे ही राशी त्या राशीपेक्षा फार मोठी होणार नाही असं पकडत पकडत पुढे जायला. काहींना रचना आवडतात, दोन वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी आतून एकच आहेत हे दाखवायला. पहिले बहुधा ॲनालिसिस, डिफरेन्शियल इक्वेशन्स, प्रॉबॅबिलिटीकडे जातात. दुसरे अल्जिब्रा, टोपोलॉजी, भूमितीकडे. कॉम्बिनेटोरिक्समध्ये (मोजणी आणि मांडणीच्या गणितात) दोन्ही प्रकारचे भांडत असतात. हे विभाजन फार ताणू नका, पण कोणत्या विषयाचे व्यायाम तुम्ही नेमून दिलेले नसतानाही सोडवता, हा खरा कौल. सध्या कशाची चलती आहे हे बघून शाखा घेतलेली माणसं पाच वर्षांनी बाहेर पडतात तेव्हा चलती दुसऱ्याचीच असते.

शाखेपेक्षा गाइड महत्त्वाचा, आणि माझं प्रांजळ मत असं की संस्थेच्या नावापेक्षाही. नाव मोठं पण विद्यार्थ्याला महिन्यातून एकदा वीस मिनिटं देणारा गाइड, आणि मध्यम नावाचा पण दर आठवड्याला फळ्यापाशी उभा राहणारा गाइड, यात मी डोळे झाकून दुसरा घ्यायला सांगेन. हे कळायचं कसं? त्यांच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांना गाठा, तेही गाइडच्या माघारी. भेट किती वेळा होते? प्रॉब्लेम दिला जातो की स्वतः शोधायचा असतो? याआधीचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, आज कुठे आहेत, मधेच किती सोडून गेले? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा थबकला तर तेही उत्तरच आहे.

शिफारसपत्रांबद्दल गैरसमज फार. विभागप्रमुखांच्या सहीचं, 'ही विद्यार्थिनी मेहनती, प्रामाणिक आणि वक्तशीर आहे' असं पत्र आमच्याकडे आलं की ते आम्ही कोरं समजतो. ज्या शिक्षकाकडे तुम्ही सहा महिने एखादं पुस्तक बसून वाचलं, ज्यांना तुमची एक चुकलेली सिद्धता आणि ती तुम्ही कशी सुधारली हे आठवतं, त्यांचं पत्र घ्या. मग ते पदाने कितीही कनिष्ठ असोत. असे शिक्षक ऐन वेळी मिळत नाहीत, म्हणून आत्ताच कुणाकडे तरी वाचन सुरू करा.

व्यवस्था देशोदेशी वेगळ्या आहेत. अमेरिकेत पदवीनंतर थेट पीएचडीला जाता येतं. पहिली एक-दोन वर्षं कोर्स आणि पात्रता परीक्षा, मग संशोधन, एकूण पाच ते सहा वर्षं. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी मास्टर्स लागते आणि पीएचडी तीन-चार वर्षांची असते, पण पहिल्या दिवसापासून प्रॉब्लेम हातात. भारतात एम.एस्सी.नंतरची पीएचडी आणि पदवीनंतरची इंटिग्रेटेड, दोन्ही वाटा आहेत. ज्याचा पाया कच्चा आहे किंवा शाखा ठरलेली नाही त्याला कोर्स असलेली लांब वाट बरी. पैशाबाबत माझा नियम साधा आहे: गणितातली पीएचडी फी माफ आणि स्टायपेंड मिळून व्हायला हवी. स्वतःच्या खिशातून फी भरून पीएचडी करायची वेळ आली तर दहादा विचार करा, आणि अकराव्यांदा एखादं वर्ष थांबून पुन्हा अर्ज करा.

आता जे माहितीपत्रकात नसतं ते. पहिलं वर्ष बहुतेकांना हादरवतं. आजवर वर्गात तुम्ही पहिल्या होतात. इथे सगळेच कुठे ना कुठे पहिले होते. सेमिनारला जाल तर पहिली दहा-पंधरा मिनिटं कळतील आणि पुढे अंधार. हे मलाही अजून होतं. मी प्रत्येक व्याख्यानातून एक व्याख्या आणि एक उदाहरण लिहून घेतो, बाकी सोडून देतो. दोन वर्षांत वहीत शंभरेक उदाहरणं जमतात आणि अचानक एखादं कामी येतं.

माझ्या गाइडनी दिलेल्या पहिल्या प्रॉब्लेमवर मी चौदा महिने घातले. नव्या पद्धतीने तो सुटला, मी मोठ्या आनंदाने लिहून काढला, आणि संदर्भ जुळवताना १९६० च्या दशकातल्या एका पेपरात माझं प्रमेय तिसऱ्या पानावर लेमा, म्हणजे छोटं साहाय्यक प्रमेय, म्हणून सापडलं. सहा ओळींची सिद्धता! आठवडाभर मी डिपार्टमेंटला फिरकलो नाही. गाइडकडे गेलो तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की त्या पेपरवाल्यांची आणि तुझी पद्धत एकच आहे का. नव्हती. त्यांची सहा ओळींची युक्ती फक्त त्याच ठिकाणी चालत होती. माझी लांबलचक पद्धत शेजारच्या एका प्रश्नालाही लागू पडली, आणि त्यातून थिसिसचं दुसरं प्रकरण झालं. पहिलं प्रकरण कधी झालंच नाही, दुसऱ्यालाच पहिलं म्हणावं लागलं.

अडकून बसणं हा या कामातला अपघात नाही, रोजचा दिनक्रम आहे. त्याचीही एक तालीम लागते. मी विद्यार्थ्यांना एका वेळी दोन प्रॉब्लेम ठेवायला सांगतो, एक अवघड आणि एक होण्यासारखा. अवघड प्रॉब्लेमची सर्वात लहान न सुटलेली केस शोधायला सांगतो. आणि रोज, काहीही झालेलं नसलं तरी, आज काय करून पाहिलं आणि ते का चाललं नाही, हे पाच ओळींत लिहायला सांगतो. तीन महिन्यांनी त्या न चाललेल्या वाटांचा नकाशा दिसायला लागतो. चुकाही होतात. अँड्र्यू वाइल्सने जून १९९३ मध्ये फर्माच्या शेवटच्या प्रमेयाची (साडेतीनशे वर्षं न सुटलेल्या प्रश्नाची) सिद्धता जगासमोर मांडली, नंतर तिच्यात भोक सापडलं, आणि ते बुजवायला रिचर्ड टेलरच्या मदतीने सप्टेंबर १९९४ उजाडला. तुमच्या सिद्धतेत भोक सापडलं तर ते निदान वर्तमानपत्रात येणार नाही.

पेपर छापण्याबद्दल थोडक्यात. गणितात लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने येतात, 'पहिला लेखक' ही भानगड नाही. दुसऱ्या शास्त्रांतून आलेल्या निवड समित्यांना हे समजावताना आमचं आयुष्य जातं. पेपर आधी आर्काइव्ह (arXiv) या मोफत संकेतस्थळावर ठेवतात. ते १९९१ पासून चालू आहे, आणि पेरेलमन या रशियन गणितज्ञाने पॉइंकारे कंजेक्चरची (कंजेक्चर म्हणजे सिद्ध न झालेला अंदाज) सिद्धता २००२-०३ मध्ये फक्त तिथेच ठेवली, जर्नलला पाठवलीच नाही. जर्नलचे रेफरी, म्हणजे पेपर तपासणारे तज्ज्ञ, महिनोन्‌महिने घेतात, वर्ष गेलं तरी नवल नाही. पैसे भरा आणि पंधरा दिवसांत छापून घ्या म्हणणारी जर्नल्स टाळा. संख्येसाठी तिथे छापलेला एक पेपर तुमच्या चार चांगल्या पेपरांवर शंका निर्माण करतो.

यंत्रांचं काय, हेही आजकाल विचारलं जातं. २०२५ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडचे सहापैकी पाच प्रश्न एआयने सोडवले, सुवर्णपदकाच्या दर्जाने. दुसरीकडे लीनसारखी सॉफ्टवेअर सिद्धतेची प्रत्येक पायरी तपासतात. टॉमस हेल्सने गोळे रचण्याबद्दलच्या केप्लरच्या कंजेक्चरची सिद्धता १९९८ साली दिली तेव्हा रेफरींच्या समितीने वर्षानुवर्षं तपासून ९९ टक्के खात्री असल्याचं कळवलं; उरलेला एक टक्का भरून काढायला हेल्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सगळी सिद्धता यंत्राकडून तपासून घेतली, ते काम २०१४ मध्ये संपलं. म्हणून प्रोग्रॅमिंग शिकाच, जमल्यास लीनही. पण तुमचे व्यायाम यंत्राला सोडवायला देऊ नका. उत्तर बरोबर येईल आणि तुमची ताकद जिथल्या तिथे राहील. मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला ते कळतं.

पीएचडीनंतर पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाची तात्पुरती नोकरी. दोन-तीन वर्षांचं एक, बहुधा दोन, कधी तीन. प्रत्येक वेळी गाव, अनेकदा देश बदलतो. जोडीदारही संशोधनात असेल तर दोघांना एका शहरात काम मिळणं हे स्वतंत्र कोडं आहे, आणि त्याचा बोजा आजही बाईवरच जास्त पडतो, हे मी डोळ्यांनी पाहतो. कायमच्या जागा पीएचडी होणाऱ्यांपेक्षा कमी आहेत. हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगतो, कारण चौथ्या वर्षी कळलेलं जास्त लागतं. माझ्याकडून पीएचडी घेतलेल्यांपैकी निम्मे आज विद्यापीठात नाहीत. कुणी क्रिप्टोग्राफीत, कुणी विमा आणि वित्त क्षेत्रात, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. त्यांच्यातली एकजण दर दिवाळीला फोन करते आणि न चुकता विचारते की त्या जुन्या प्रॉब्लेमचं पुढे काय झालं. काही झालेलं नाही.

राहिला घरच्यांचा प्रश्न. त्यांना ध्येय, आवड वगैरे सांगायला जाऊ नका, वेळापत्रक द्या. आज तुम्ही एकवीस वर्षांच्या धरल्या तर तेविसाव्या वर्षी एम.एस्सी., अठ्ठाविसाच्या आसपास पीएचडी, आणि कायमची नोकरी, मिळाली तर, बत्तीस ते पस्तीसच्या दरम्यान. मधल्या काळात स्टायपेंड मिळेल, त्यात एका माणसाचं भागेल, घरी पाठवायला फारसं उरणार नाही. एम.एस्सी.नंतर आणि पीएचडीनंतर अशा दोन ठिकाणी बाहेर पडायची चांगली दारं आहेत, आणि त्या दोन्ही वेळी तुमच्या हातात प्रोग्रॅमिंग आणि स्टॅटिस्टिक्स असेल तर नोकरी शोधणं जड जाणार नाही. घरात कर्ज असेल किंवा कुणी तुमच्या पगारावर अवलंबून असेल, तर आधी दोन वर्षं नोकरी करून मग अर्ज करणारेही आम्ही घेतो. फक्त त्या दोन वर्षांत आठवड्याला काही तास गणित चालू होतं हे तुमच्या वहीवरून दिसलं पाहिजे.